दाद आणि श्रेय : चिक चॉकलेट, सी. रामचंद्र आणि मुंबईतील जॅझ वादकांचा समुदाय (१९३५–१९७८)

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या सांगीतिक इतिहासाचे लेखन मुख्यतः तीन प्रवाहांभोवती झालेले आहे. ख्यालगायकीची घराणी, नाट्यसंगीत आणि लोकसंगीत हे ते तीन प्रवाह होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांत भावगीत व चित्रपटसंगीत यांची भर पडली. परंतु या सर्व लेखनात गायक आणि संगीतकार यांना जे स्थान मिळाले, ते वादकांना मिळाले नाही. विशेषतः मुंबईच्या चित्रपटसंगीताला ज्यांनी वाद्यवृंदाचे अंग दिले, त्या गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा उल्लेख मराठी संगीतविषयक ग्रंथांतून तुरळकच आढळतो. हे वादक बहुतांशी जॅझ या संगीतप्रकारात वाढलेले होते. रात्री हॉटेलच्या नृत्यगृहात आणि दिवसा ध्वनिमुद्रणगृहात असे दुहेरी आयुष्य ते जगत होते. मराठी श्रोत्याने त्यांचे वादन हजारो वेळा ऐकले, परंतु त्यांची नावे त्याला ठाऊक झाली नाहीत.

या समुदायाच्या इतिहासाकडे पाहण्याचा एक मार्ग म्हणजे दोन संगीतकारांच्या सहकार्याचा अभ्यास होय. नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्र, आणि गोव्यातील हळदोणे येथे जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ, अर्थात चिक चॉकलेट, हे ते दोघे होत. दोघांची भाषा, धर्म, राजकीय नागरिकत्व आणि संगीतशिक्षण ही सर्वस्वी भिन्न होती. तरीही १९४० व १९५० च्या दशकांत त्यांनी एकत्र येऊन जे संगीत निर्माण केले, ते अखिल भारतीय श्रोत्यांनी स्वीकारले.

उद्दिष्टे

१. मुंबईत जॅझ संगीताचे आगमन आणि स्थानिक वादकांचा समुदाय यांच्या घडणीचा आढावा घेणे.
२. चिक चॉकलेट आणि सी. रामचंद्र यांच्या सहकार्याचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. सहकारी वादकाला मिळणारी दाद आणि त्याला मिळणारे श्रेय यांतील अंतराची चिकित्सा करणे.

ताजमहाल हॉटेल आणि जॅझचे आगमन

मुंबईतील युरोपीय वस्तीत नृत्यसंगीताची परंपरा जुनी होती. १९२० च्या दशकात ग्रामोफोन तबकड्यांद्वारे आणि मूकपटांना साथ देणाऱ्या वाद्यवृंदांद्वारे अमेरिकन नृत्यसंगीत शहरात पोहोचले होते. केन मॅक यांच्यासारख्या अँग्लो-इंडियन वादकांचे नृत्यवृंद लोकप्रिय होते. मात्र जॅझ ही शैली तिच्या मूळ निर्मात्यांकडून ऐकण्याची संधी मुंबईकरांना १९३५ मध्ये मिळाली. त्या वर्षी व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा वृंद ताजमहाल हॉटेलच्या नृत्यगृहात दाखल झाला. या वृंदातील ज्येष्ठ कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ यांनी पुढे ताजमध्ये स्वतःचा वृंद उभा केला. पियानोवादक टेडी वेदरफर्ड हेही याच काळात मुंबईत आले. शिकागोमध्ये अर्स्किन टेट यांच्या वृंदात लुई आर्मस्ट्राँग यांच्यासमवेत वाजविलेले वेदरफर्ड १९२६ पासून आशियातच वावरत होते. शांघायमध्ये त्यांनी मोठे नाव मिळविले होते.

या कलावंतांच्या आगमनाला एक सामाजिक संदर्भ होता. स्वदेशी ज्यांना वंशभेदामुळे अनेक हॉटेलांच्या पुढील दारातून प्रवेश नव्हता, ते येथे एका अग्रगण्य हॉटेलचे मानकरी ठरले. अर्थात वसाहतीच्या राजवटीत समतेचे हे चित्र अपुरेच होते. नृत्यगृहातील श्रोतृवर्ग ब्रिटिश अधिकारी, संस्थानिक, पारशी व्यापारी आणि मोजका उच्चभ्रू वर्ग एवढ्यापुरता मर्यादित होता. सर्वसामान्य मराठी कामगार ज्या गिरणगावात राहत होता, तेथून ताजचे नृत्यगृह अंतराने जवळ असले तरी प्रत्यक्षात फार दूर होते.

तथापि या वृंदांचा खरा प्रभाव श्रोत्यांपेक्षा वादकांवर पडला. पाहुण्या वृंदात रिकाम्या होणाऱ्या जागा स्थानिक वादकांनी भरल्या. तबकडीवरून ऐकून ज्या गोष्टी उमगत नव्हत्या, त्या शेजारी बसून वाजविताना उमगू लागल्या. ठेक्याला किंचित मागे रेलणे, लिहिलेल्या स्वरावलीतून बाहेर पडून उत्स्फूर्त विस्तार करणे, तुतारीचा आवाज झाकणीने दाबून त्यातून मानवी कंठाचा भास निर्माण करणे ही कौशल्ये कागदावरून शिकता येत नाहीत. ख्यालगायकीत गुरूच्या मागे बसून तंबोरा धरणाऱ्या शिष्याला जे मिळते, त्याच्याशी या शिक्षणाचे साम्य होते. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेदरफर्ड कोलकात्याच्या ग्रँड हॉटेलात गेले आणि १९४५ मध्ये तेथेच पटकीने त्यांचा मृत्यू झाला. परंतु तोपर्यंत मुंबईत एक पिढी तयार झाली होती. सॅक्सोफोनवादक रुडी कॉटन हे त्या पिढीतील एक प्रमुख नाव होय. त्यांचे मूळ नाव कावस खटाव असे होते आणि ते पारशी होते. ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड, ताजमध्ये दीर्घ काळ वृंद चालविणारे मिकी कोरिया आणि चिक चॉकलेट हेही त्याच पिढीचे होत.

गोमंतकीय वादक : चर्चची शाळा ते धोबी तलाव

या पिढीत गोमंतकीयांचे प्रमाण अधिक का होते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर गोव्याच्या इतिहासात सापडते. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना संगीताचे प्राथमिक शिक्षण दिले जाई. तेथील संगीतशिक्षकाला ‘मेस्त’ म्हणत. या मेस्तच्या हाताखाली मुले प्रथम पाश्चात्त्य स्वरलिपी वाचावयास शिकत आणि नंतर व्हायोलिन किंवा अन्य वाद्य हाती घेत. या शिक्षणाचा मूळ हेतू उपासनासंगीतासाठी गायक-वादक तयार करणे हा होता. परंतु त्यातून एक अनपेक्षित परिणाम घडून आला. खेड्यापाड्यांतील सामान्य कुटुंबांतील मुलांच्या हाती असे एक कौशल्य आले, ज्याला गोव्याबाहेर मागणी होती.

गोव्यात उद्योगधंदे अत्यल्प होते. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र लष्करी बँड, पोलीस बँड, संस्थानिकांचे वृंद, आगगाडीच्या मोठ्या स्थानकांवरील क्लब, थंड हवेच्या ठिकाणांची हॉटेले आणि मूकपटगृहे अशी अनेक ठिकाणे स्वरलिपी वाचू शकणाऱ्या वादकांच्या शोधात होती. त्यामुळे गोमंतकीय वादक मुंबई, कराची, लाहोर, मसुरी, कोलकाता, रंगून अशा शहरांतून पसरले. मुंबईत त्यांचा पहिला आसरा म्हणजे ‘कूड’ होय. एकेका गावातील लोकांनी वर्गणीतून चालविलेले हे सामुदायिक निवासस्थान असे. धोबी तलाव, गिरगाव, माझगाव या भागांत अशा अनेक कुडी होत्या. तेथे दर्यावर्दी, आचारी आणि वादक एकाच छताखाली राहत. ट्रंका भिंतीशी मांडलेल्या, रात्री सामुदायिक प्रार्थना आणि कामाची वार्ता एकमेकांना सांगणे असा तेथील परिपाठ होता. धोबी तलाव आणि प्रिन्सेस स्ट्रीटच्या परिसरातील हॉटेले ही वादकांच्या भेटीगाठीची ठिकाणे बनली. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांच्या गावकीच्या खोल्यांशी कुडीचे साम्य सहज लक्षात येते. मुंबईत आलेला चाकरमानी आणि मुंबईत आलेला गोमंतकीय वादक हे एकाच आर्थिक स्थलांतराची दोन रूपे होत. पोर्तुगीज प्रजाजन असल्यामुळे १९६१ पर्यंत गोमंतकीय वादक तांत्रिकदृष्ट्या या शहरात परदेशी होता, एवढाच काय तो फरक.

चिक चॉकलेट : वादक आणि वृंदप्रमुख

चिक चॉकलेट यांचा जन्म १९१६ चा. ट्रम्पेट हे त्यांचे वाद्य आणि लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत होते. वादनाच्या आणि गाण्याच्या शैलीत त्यांनी आर्मस्ट्राँग यांचा आदर्श इतका आत्मसात केला की, ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ अशीच त्यांची ओळख रूढ झाली. १९४० च्या दशकात त्यांचा ‘म्युझिक मेकर्स’ हा वृंद अपोलो बंदरावरील ग्रीन्स हॉटेलात वाजवीत असे. ताजला लागून असलेले हे हॉटेल पुढे ताजच्या व्यवस्थापनाकडे गेले आणि त्या जागेवर १९७० च्या दशकात ताजची उंच नवी इमारत उभी राहिली. ज्या वास्तूंत हे संगीत घडले, त्या वास्तूच आज उरल्या नाहीत, ही बाब या समुदायाच्या इतिहासलेखनातील एक अडचण म्हणून लक्षात घ्यावी लागते.

चिक यांच्याविषयी विचार करताना ‘अनुकरण’ या शब्दाकडे काळजीपूर्वक पाहणे आवश्यक ठरते. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांची गायकी आत्मसात करणाऱ्या नटाला कोणी केवळ नक्कलकार म्हणत नाही. त्या गायकीच्या आधारे त्याने काय उभे केले, हे पाहिले जाते. चिक यांनाही हाच निकष लावला पाहिजे. आर्मस्ट्राँग यांच्याकडून त्यांनी घेतलेली रोखठोक, उजळ आणि विनोदाची छटा असलेली वादनशैली त्यांनी हिंदी गीताच्या चौकटीत बसविली. गायकाच्या दोन ओळींमधील मोकळ्या जागेत ट्रम्पेटने उत्तर द्यावे, ही आफ्रिकन-अमेरिकन संगीतातील साद-प्रतिसादाची पद्धत होय. महाराष्ट्रीय श्रोत्याला ती परकी वाटली नाही, कारण कीर्तनातील बुवा आणि टाळकरी, तसेच तमाशातील सवाल-जवाब यांमुळे त्याचा कान अशा रचनेला सरावलेला होता.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नृत्यगृहांच्या अर्थकारणाला मोठा धक्का दिला. त्यापूर्वी १९४७ मध्ये ब्रिटिश श्रोतृवर्ग निघून गेला होता. हॉटेलांतील उत्पन्न आटू लागले आणि याच सुमारास चित्रपटनिर्मितीचा व्याप वाढत होता. फाळणीनंतर लाहोरमधील वादक मुंबईत आले. त्यांपैकी सेबॅस्टियन डिसोझा हे पुढे शंकर-जयकिशन यांचे संयोजक म्हणून प्रसिद्धीस आले. अशा रीतीने राजकीय स्थित्यंतर, कायदा आणि बाजारपेठ या तीन कारणांनी जॅझ वादक चित्रपटसंगीताकडे वळले. त्यांचे हे वळणे कलात्मक निवडीपेक्षा उपजीविकेची गरज होती. मात्र गरजेतून केलेले काम कमी प्रतीचे असते असे मानण्याचे कारण नाही.

सी. रामचंद्र यांच्यासमवेतची भागीदारी

सी. रामचंद्र यांचे सांगीतिक शिक्षण पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे झाले. चित्रपटव्यवसायात सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमवादक म्हणून त्यांनी उमेदवारी केली. १९४२ च्या ‘सुखी जीवन’ या मास्टर भगवान यांच्या चित्रपटापासून हिंदीतील संगीतकार म्हणून त्यांची वाटचाल सुरू झाली. रागसंगीताचा पाया, मराठी भावगीताचा गोडवा आणि पाश्चात्त्य नृत्यसंगीताविषयीचे कुतूहल हे तिन्ही घटक त्यांच्या ठायी एकत्र आले. १९४७ च्या ‘शहनाई’ पासून त्यांच्या संगीतातील पाश्चात्त्य ठेक्याची चर्चा होऊ लागली. १९५० च्या ‘समाधी’ मधील ‘गोरे गोरे’ या गीतात लॅटिन अमेरिकन चालीचा आधार उघड दिसतो.

या काळात चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र यांचे सहायक आणि संयोजक होते. ‘संयोजक’ या पदाचा अर्थ येथे स्पष्ट करणे उचित ठरेल. संगीतकार चाल बांधतो आणि बहुधा हार्मोनियमवर गाऊन दाखवतो. ती चाल ऐकून तिचे स्वरलेखन करणे, कोणत्या ओळीमागे कोणते वाद्य वाजेल हे ठरविणे, अंतऱ्यांमधील वाद्यसंगीताचे तुकडे बेतणे, प्रत्येक वादकासाठी स्वतंत्र कागद तयार करणे आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी वृंदाला एकत्र बांधून ठेवणे ही कामे संयोजक आणि सहायक करीत. त्या काळी गायक व वादक एकाच वेळी, एकाच दालनात, सलग ध्वनिमुद्रण करीत असत. एका वादकाची चूक म्हणजे संपूर्ण गीत पुन्हा आरंभापासून घेणे होय. अशा परिस्थितीत कागद हाती पडताच अचूक वाजविणारे वादक ही चैन नव्हती, तर ती निकड होती.

या भागीदारीचे परिपक्व फळ म्हणजे १९५१ चा ‘अलबेला’. मूळचे विदर्भातील आणि मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेले भगवान पालव, अर्थात मास्टर भगवान, हे या चित्रपटाचे दिग्दर्शक आणि नायक होते. ‘शोला जो भडके’ यासारख्या गीतांनी त्या काळी लोकप्रियतेचा उच्चांक गाठला. या चित्रपटाचे वैशिष्ट्य असे की, त्यातील एका गीतप्रसंगात चिक आणि त्यांचे सहवादक झालरीचे पोशाख घालून प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. एरवी पडद्यावर वाद्य हाती धरणारा नट वेगळा आणि वाजविणारा वेगळा असे. येथे वादकाला त्याचा चेहरा मिळाला. चिक यांनी याच वर्षी ‘नादान’ या चित्रपटाला स्वतंत्रपणे संगीत दिले. पुढील काळात मदन मोहन यांच्यासाठीही त्यांनी काम केले.

‘अलबेला’ चे सामाजिक महत्त्वही ध्यानात घेण्याजोगे आहे. जे संगीत १९३५ मध्ये ताजच्या नृत्यगृहात मूठभर श्रीमंतांसाठी वाजत होते, ते सोळा वर्षांनी चार-सहा आण्यांच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. गणपतीच्या मेळ्यांत, वरातींच्या बँडमध्ये आणि गल्लीतील पोरांच्या पायांत ते उतरले. हे संगीत ताजमधून गिरणगावात नेण्याचे काम पुणतांब्याचा संगीतकार, हळदोण्याचा ट्रम्पेटवादक आणि गिरणगावात वाढलेला नट या तिघांनी मिळून केले. कोणा एकाला वगळले असता ही साखळी तुटते.

सी. रामचंद्र यांच्या वृंदातील गोमंतकीयांचा सहभाग चिक यांच्यापुरता मर्यादित नव्हता. १९५७ च्या ‘आशा’ मधील ‘ईना मीना डीका’ या गीताच्या मुखड्याच्या घडणीत त्यांचे सहायक जॉन गोम्स यांचा वाटा असल्याचे सांगितले जाते. मुलांच्या खेळातील निरर्थक शब्दांवरून सुचलेल्या या मुखड्यात कोंकणीतील ‘मला नको’ या अर्थाचे दोन शब्द सहजपणे येऊन बसले. जॅझमध्ये अर्थहीन अक्षरांच्या आधारे वाद्यासारखे गाण्याची रीत आहे. आपल्याकडे तराण्यात नेमके हेच घडते. विनायकबुवांच्या शिष्याला ही रीत आपलीशी वाटली असल्यास त्यात नवल नाही.

आक्षेप आणि त्याचे स्वरूप

या संगीतावर तत्कालीन विचारवंतांनी आक्षेप घेतले. १९५२ मध्ये केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी शास्त्रीय संगीताच्या प्रसारासाठी महत्त्वाचे कार्य केले. परंतु चित्रपटगीतांच्या वाढत्या पाश्चात्त्यीकरणाला त्यांचा विरोध होता आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर १९५७ मध्ये विविध भारतीची सुरुवात करावी लागली.

केसकर यांचा आक्षेप केवळ प्रतिगामी म्हणून झटकून टाकता येत नाही. संस्थानांचा आश्रय संपल्यानंतर रागसंगीताला नवा आधार हवा होता आणि तो आकाशवाणीने दिला, हे सत्य आहे. परंतु या आक्षेपात एक गृहीतक दडलेले होते. गोमंतकीय वादक आणि त्याचे वाद्य हे ‘बाहेरचे’ आहेत, असे ते गृहीतक होय. वस्तुतः व्हायोलिन, क्लॅरिनेट, हार्मोनियम आणि नाट्यसंगीतातील ऑर्गन ही वाद्येही बाहेरूनच आली होती. त्यांना महाराष्ट्राने आपले मानले. मग ट्रम्पेट परका का ठरावा, याचे समाधानकारक उत्तर तत्कालीन चर्चेतून मिळत नाही. वाद्याचे परकेपण बहुधा ते वाजविणाऱ्याच्या धर्मावरून आणि पोशाखावरून ठरविले गेले, असे म्हणावे लागते.

याच्या उलट दिशेचा प्रयत्न खुद्द वादकांनी केला. मझोर्डे येथील व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात रागाधारित रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करविल्या. फ्रँक फर्नांड यांनाही भारतीय वळणाचा जॅझ घडविण्याची आकांक्षा होती. पुढे त्यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट निर्माण केले. सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांनी १९५८ मध्ये मुंबईत आलेल्या डेव्ह ब्रूबेक यांच्यासमवेत वादन केले. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांची रईस खाँ यांच्या सतारीसह ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी प्रसिद्ध झाली. तिच्या मागे सेबॅस्टियन डिसोझा यांचे संयोजन होते. ‘बाहेरचे’ ठरविले गेलेले वादकच आतील परंपरेशी संवाद साधत होते, ही या इतिहासातील लक्षणीय विसंगती होय.

दाद, श्रेय आणि मैत्र

मराठी संगीतसंस्कृतीत ‘दाद’ या संकल्पनेला मोठे महत्त्व आहे. मैफलीत एखादी जागा साधली की, श्रोता आणि साथीदार तत्क्षणी प्रतिसाद देतात. जॅझमध्येही एकल वादनाचा तुकडा संपताच टाळ्या पडतात आणि सहवादक मान डोलावतात. दोन्ही परंपरांत दाद ही त्या क्षणाची गोष्ट असते. श्रेय मात्र कागदावर लिहावे लागते. चित्रपटसंगीताच्या व्यवसायात गोमंतकीय वादकांना दाद भरपूर मिळाली, पण श्रेयाच्या बाबतीत त्यांच्या पदरी फारसे पडले नाही. तबकडीच्या चकतीवर गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे छापली जात. संयोजकाचे नाव क्वचित चित्रपटाच्या नामावलीत येई, तर साध्या वादकाचे कोठेच येत नसे. मेहनताना ध्वनिमुद्रणाच्या पाळीनुसार मिळे. गीत पुढे कितीही वर्षे वाजत राहिले तरी वादकाचा त्यावर हक्क नसे.

येथे संगीतकारांना दोषी ठरविणे सोपे, पण अन्यायकारक ठरेल. चाल ही संगीतकाराचीच होती आणि निर्णयाची जोखीमही त्याचीच होती. व्यवस्थाच एका नावाभोवती उभी होती. अशा व्यवस्थेत राहूनही काहींनी आपल्या सहकाऱ्याची आठवण सार्वजनिक करण्याचे मार्ग शोधले. त्याचे तीन प्रकार दिसून येतात. पहिला प्रकार ‘अलबेला’ चा, ज्यात वादकाला पडद्यावर स्थान मिळाले. दुसरा प्रकार १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील होय. संगीतकार प्यारेलाल यांनी आपले व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांना अभिवादन म्हणून त्यांचे नाव गीतातच गुंफले. ते गीत देशभर गाजले. परंतु ते नाव एका हयात वादकाचे आहे, हे बहुसंख्य श्रोत्यांना कित्येक वर्षे कळले नाही. त्या वेळी गोन्साल्विस चित्रपटव्यवसायापासून दूर गेलेले होते. २०१२ मध्ये गोव्यात त्यांचे निधन झाले.

तिसरा प्रकार रसिकाच्या मैत्रीचा होय. मुंबईतील जॅझप्रेमी निरंजन झवेरी हे स्वतः व्यावसायिक वादक नव्हते, परंतु या समुदायाचे खरे मित्र होते. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी सहकाऱ्यांसह ‘ब्लू ऱ्हिदम’ हे जॅझविषयक नियतकालिक काढले. पुढे त्यांच्या पुढाकाराने ‘जॅझ इंडिया’ ही संस्था उभी राहिली आणि १९७८ मध्ये धोबी तलावानजीकच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांच्यासारखे जगद्विख्यात कलावंत तीत सहभागी झाले. ज्या धोबी तलावाच्या कुडींतून गोमंतकीय वादकांनी मुंबईत पाऊल टाकले होते, त्याच परिसरात त्यांच्या संगीताचा हा उत्सव झाला. ब्राझ गोन्साल्विस आणि लुई बँक्स यांच्यासारख्या भारतीय वादकांना त्यातून स्वतःच्या नावाने व्यासपीठ मिळाले. चिक चॉकलेट मात्र ते पाहण्यास नव्हते. १९६७ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले होते.

रंगभवनही पुढे शांत झाले. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे २००० च्या दशकाच्या आरंभी तेथील खुल्या मैफली थांबल्या. या समुदायाची नोंद घेणारे ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाले. ग्रेगरी बूथ यांनी चित्रपटांच्या वादकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास २००८ मध्ये प्रकाशित केला. नरेश फर्नांडिस यांचा ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हा मुंबईच्या जॅझयुगावरील ग्रंथ त्यानंतर काही वर्षांत आला. हे दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. मराठीत या विषयावरील लेखन बव्हंशी संगीतकारांच्या चरित्र-आत्मचरित्रांतील ओझरत्या उल्लेखांपुरते सीमित राहिले आहे.

निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला निष्कर्ष असा की, मुंबईतील जॅझ हा केवळ उच्चभ्रूंच्या करमणुकीचा इतिहास नाही. तो स्थलांतरित श्रमिकांच्या कौशल्याचाही इतिहास आहे आणि गिरणगावाच्या इतिहासाशेजारी ठेवूनच तो वाचला पाहिजे. दुसरा निष्कर्ष असा की, सी. रामचंद्र यांच्या संगीताचे मूल्यमापन चिक चॉकलेट आणि अन्य सहकाऱ्यांना वगळून करणे अपुरे ठरते. तसे केल्याने सी. रामचंद्र यांचे मोठेपण वाढत नाही. उलट वेगळ्या परंपरेतील गुणी माणूस ओळखून त्याला आपल्या शेजारी बसविण्याचा त्यांचा जो विशेष गुण, तोच झाकला जातो. तिसरा निष्कर्ष इतिहासलेखनाविषयी आहे. लिखित श्रेय नसलेल्या कलावंतांचा इतिहास नामावलीवरून लिहिता येत नाही. त्यासाठी ध्वनिमुद्रिका बारकाईने ऐकणे, वादकांच्या कुटुंबांकडील स्वरलिपीचे कागद व छायाचित्रे जतन करणे आणि हयात वादकांच्या मुलाखती घेणे निकडीचे आहे. मुंबई, ठाणे, पालघर व कोकण परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि मराठी विभागांना हे काम हाती घेता येण्याजोगे आहे. पदव्युत्तर स्तरावरील प्रकल्पांतून त्याचा आरंभ होऊ शकतो.

‘अलबेला’ ची गीते आजही वाजतात आणि श्रोते त्यांना दाद देतात. त्या दादीचा एक वाटा हळदोण्याच्या ट्रम्पेटवादकाचा आहे आणि तो त्याच्या नावावर नोंदविणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.